केरूचा चर

आमच्या गावात केरूचं नाव निघालं की माणसं एकजात चांगलं बोलतात. त्याच्यासारखा भला माणूस नाही, त्याने गावाच्या बागा वाचवल्या, सरकारी नोकरीत असून कधी ताठला नाही. मी गावचा शिंपी. दुकान स्टँडवर असल्यामुळे अर्ध्या गावाचं बोलणं माझ्या मशिनीच्या आवाजावरून कानात येतं. केरूचं हे कौतुक सुरू झालं की माझं डोकं फिरतं. दोनदा तर हातातलं कापड वाकडं कापलं गेलंय. म्हणून ठरवलं, एकदा सगळं सरळ सांगून टाकावं.

गाव आमचं निफाड तालुक्यातलं, गोदावरीच्या काठचं. खाली जुना बंधारा आहे, त्याचं पाणी मागे लांबवर पसरलेलं. एका बाजूला द्राक्षं आणि कांदा, दुसऱ्या बाजूला गाळ, पाणगवत आणि बाभळी. त्या दुसऱ्या बाजूला सरकारने पक्ष्यांचं अभयारण्य केलं आणि पाटी ठोकली. गावाला ते काही रुचलं नाही. पाण्याखाली आधीच जमिनी गेलेल्या. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक हरभरा, गहू, काकड्या करायचे. त्याला गाळपेर म्हणतात. आता तिथेही पाखरांचा हक्क आला म्हटल्यावर माणसं चिडणारच.

त्या पाखरांची राखण करायला सरकारने आमच्याच गावचा माणूस नेमला, तो केरू. आधी रोजंदारीवर होता, नव्वदनंतर कधीतरी कायम झाला आणि गार्ड म्हणून खाकीचं कापड घेऊन माझ्याकडे आला. थोरला भाऊ भिमाजी घरची द्राक्षबाग बघायचा, धाकटा केरू नोकरीला, अशी त्यांची वाटणी होती. माप घेताना मला म्हणाला, "टेलर, छातीवरचा खिसा मोठा ठेव. दुर्बीण बसली पायजे." मी म्हणालो, दुर्बिणीसाठी खिसा नाही, झोळी लागेल. तो हसला, पण हट्ट सोडला नाही. शेवटी मी खिसा हातभर मोठा शिवला आणि त्यात दुर्बीण काही बसली नाही. सरकारने त्याला दुर्बीण दिलीच नव्हती. पुढे कोणा पाहुण्याने जुनी दिली, ती गळ्यात अडकवून फिरायचा.

केरूचं वर्ष दिवाळीपासून धरायचं. दिवाळी उलटली की उत्तरेकडून बदकं उतरायची. चक्रवाक, तलवार बदकं, थापट्या. पहाटे काठावर गेलं की पाणी दिसायचं नाही, नुसती पाठीला पाठ. मग करकोचे यायचे आणि थेट गाळपेरीच्या हरभऱ्यात शिरायचे. ज्याचा हरभरा गेला तो आधी केरूच्या घरी शिव्या घालायला, जणू करकोचे म्हणजे केरूने मोकळ्या सोडलेल्या शेळ्या. केरू ऐकून घ्यायचा. बायको मैना मात्र दारात येऊन म्हणायची, "त्यांना काय आमी निवतं धाडलं व्हतं का?" मग आलेला माणूस आल्या वाटेने परत जायचा.

थंडीत रविवारी नाशिकहून गाड्या यायच्या. टोप्या घातलेली माणसं, पोरं, डबे. फ्लेमिंगो कुठे आहेत, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. एकदा मी तिथे होतो. केरूने पक्षी बघायच्या मनोऱ्यावर उभं राहून अगदी गंभीर तोंडाने सांगितलं, "आज विंचूरचा बाजार हाय, तिकडं गेले आस्तील." बाई खरंच विंचूरचा रस्ता विचारायला लागल्या. असा मिश्कीलपणा त्याच्यात होता. आता सांगितलं तर कुणाला पटणार नाही.

रात्री पाण्यात नायलॉनची जाळी लावणारे होते. तो पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावरून जायचा, जाळी कापायचा, अडकलेलं बदक जिवंत असेल तर सोडवायचा. जाळी लावणारे ओळखीचेच असायचे, त्यामुळे लग्नाकार्यात केरूच्या पंगतीला बसायला माणसं टाळायची. पावसाळ्यात बंधाऱ्याचे दरवाजे उघडले की त्याच्या चौकीत पाणी शिरायचं, साप शिरायचे, आणि तो भाकरी बांधून मनोऱ्यावर जाऊन बसायचा. वनखात्याचे साहेब पावसाळ्यात येत नसत, आणि उन्हाळ्यात तर त्याहून नाही.

उन्हाळ्यात तिथे बघायला काही नसतं, असं सगळे म्हणायचे. बदकं गेलेली, पाणी आटलेलं, नुसता तडकलेला गाळ. केरूचा जीव मात्र उन्हाळ्यातच अडकलेला होता. पाण्याच्या मधोमध एक उंचवटा होता, त्याला आम्ही बेट म्हणायचो. त्या बेटावर मार्च-एप्रिलात सुरया यायच्या. नदी सुरय नावाचा पक्षी. पाठ राखाडी, डोक्यावर काळी टोपी, चोच हळदीसारखी पिवळी, शेपटी दोन टोकांची. हा पक्षी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर जरा उकरतो आणि अंडी घालतो. वर मे महिन्याचं ऊन. एकदा केरूने मला मुद्दाम दुपारी नेलं आणि दुर्बीण हातात दिली. सुरय पाण्यावर यायची, पोट बुडवायची आणि ओल्या पोटाने परत जाऊन अंड्यांवर बसायची. पुन्हा उठायची, पुन्हा पोट भिजवून आणायची. दिवसभर हेच. मला पक्ष्यातलं काही कळत नाही, पण मी दुर्बीण लवकर परत दिली नाही, हे खरं आहे.

केरूचं दुःख असं होतं की त्या बेटावरून पिल्लू उडालेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. एवढी वर्षं तो तिथे होता, एवढ्या सुरया आल्या, पण दर साली काहीतरी व्हायचं. कधी वरच्या धरणांतून अचानक शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटायचं, पाणी चढायचं आणि अंडी तरंगत जायची. कधी उलट पाणी इतकं उतरायचं की बेट काठाला चिकटायचं आणि गावची कुत्री चालत जाऊन सगळं फस्त करायची. एका साली गारा झाल्या. दर वर्षी जूनमध्ये तो दुकानात यायचा, बाकावर बसायचा आणि म्हणायचा, "यंदा बी नाय." मी चहा सांगायचो. दुसरं काय करणार?

"येकदा उडताना पाह्यचीत," तो म्हणायचा. "मंग बदली करा, घरी बसवा, काय बी करा."

दोन हजार तीनचा उन्हाळा आला. आधीचा पाऊस हात राखून पडला होता, त्यामुळे मार्चातच पाणी खाली गेलं. वरच्या धरणांतलं पाणी पिण्यासाठी राखून ठेवलंय, पावसाळ्यापर्यंत आवर्तन नाही, असं सगळीकडे बोललं जात होतं. त्यात ते सिंहस्थाचं वर्ष. नाशिक-त्र्यंबकला कुंभमेळ्याची तयारी चाललेली आणि आमच्याकडे वेगळीच घाई. सिंहस्थ लागला की लग्नं करत नाहीत. ज्याच्या घरी लग्नाची पोर त्याने जुलैच्या आत उरकून टाकायचं, नाहीतर वर्षभर वाट बघायची. त्या उन्हाळ्यात माझ्याकडे ब्लाऊजांचा ढीग पडला होता. मंडपवाले, आचारी, बेंजोवाले, कुणी मिळत नव्हतं. भिमाजीच्या रूपालीचंही त्याच घाईत ठरलं.

आवर्तन नाही म्हटल्यावर केरूने एक हिशेब केला. पाणी चढून अंडी वाहणार नाहीत, ही भीती यंदा नाही. राहिली कुत्र्यांची भीती. बेटाच्या आणि काठाच्या मध्ये खोल चर खणला आणि त्यात पाणी राहिलं तर कुत्री पलीकडे जाणार नाहीत. साधी गोष्ट. तो साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, कल्पना चांगली आहे, पावसाळ्यानंतर प्रस्ताव पाठवू. केरू तिथून थेट माझ्या दुकानात आला. "पावसाळ्यानंतर," एवढंच म्हणाला आणि बाकावर टेकला. बेटावर तेव्हा अंडी पडली होती.

संध्याकाळी तिथेच भिमाजी आला. त्याचं अंग आडवं, आवाज मोठा, मनाने वाईट नाही. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आरं, मंग आपण खंदू. ट्रॅक्टर हाय, भावकी हाय."

केरूचा विश्वासच बसेना. आजवर भावकीतल्या एकाने पाखरांचं नाव चांगल्या तोंडाने काढलं नव्हतं.

भिमाजीने पुढचंही लपवलं नाही. म्हणाला, "तुझ्या पाखरांना पाणी ऱ्हाईल आन् आमच्या फूटवॉलला बी ऱ्हाईल. छाटण्या झाल्यात, बागांना पाणी नाय. अभयारण्यात आमी खंदलं तर तूच गुन्हा लावशील. तुझ्यासाठी खंदलं तर कोण काय म्हणतंय?"

हे इथे समजावून सांगतो. एप्रिलात द्राक्षाची छाटणी झाली की नव्या फुटीला पाणी लागतंच. पाणी आटत गेलं की मोटारीच्या पाइपाचं तोंड, ज्याला फूटवॉल म्हणतात, ते उघडं पडतं. मग शेतकरी चर खणून पाणी आपल्या फूटवॉलपर्यंत आणतात. दर उन्हाळ्यात सगळा काठ हेच करतो. पण खोल पाणी राहिलं होतं ते अभयारण्याच्या हद्दीत, बेटाजवळ. तिथे हात लावायची सोय नव्हती. ती सोय केरूच्या पाखरांनी करून दिली.

केरू मूर्ख नव्हता. तो म्हणाला, पाणी ओढा, पण एका खुणेपर्यंतच. त्याने बाभळीची एक मेख चरात ठोकली, तिच्यावर खाच पाडली. पाणी खाचेला टेकलं की सगळ्यांनी मोटारी बंद करायच्या. आणि नुसत्या शब्दावर त्याने सोडलं नाही. सगळ्या भावकीला खंडोबाच्या देवळात नेलं आणि बेलभंडार उचलायला लावला. आमच्याकडे बेलभंडार उचलून दिलेला शब्द मोडत नाहीत. सख्ख्या भावाचा बांध कोरणारी माणसंसुद्धा त्या शब्दाला भितात. मीही तिथे होतो. कपाळाला भंडारा लावून बाहेर पडताना केरूचा चेहरा लग्न ठरलेल्या पोरासारखा दिसत होता.

चर झाला. दोन ट्रॅक्टर, सगळी भावकी, बायकासुद्धा पाट्या घेऊन आल्या. भिमाजीची बायको सखुबाई सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी घेऊन आली. केरूला दुपारी सगळ्यांच्या मध्ये बसवून वाढलं. मैना मला नंतर म्हणाली, "टेलरभाऊ, येवढ्या वर्षांत आज पयल्यांदा ह्यांना कोणी हाक मारून जेवाय बशिवलं."

आणि शब्द पाळला गेला. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण पुढचं ऐकून तुम्ही भिमाजीला शिव्या द्याल. लोडशेडिंगमुळे लाइट सकाळी थोडे तास यायची. तेवढ्यात मोटारी चरातलं पाणी ओढायच्या, खाचेपर्यंत पाणी उतरायचं, तेवढ्यात लाइटच जायची. मग दुपार-रात्र आजूबाजूच्या गाळातून पाझर यायचा आणि सकाळी चर पुन्हा भरलेला. मोटारी हाताने बंद करायची वेळसुद्धा आली नाही. माणसं खूश, बागा हिरव्या. कुत्री काठावर येऊन पाण्याकडे बघून परत जायची. अंडी फुटली. केरू मला बघायला घेऊन गेला. मातीच्या रंगाची पिल्लं, हलल्याशिवाय दिसायची नाहीत. तो पालथा पडून बघत होता, मी त्याच्या शेजारी पालथा. माझ्या पांढऱ्या पायजम्याची काय दशा झाली ते सोडा.

मेच्या शेवटी पिल्लांना पंख आले. पंख पसरून ती जमिनीवरच उड्या मारायची, वारा आला की जरा वर उचलली जायची. केरूने जेवण सोडल्यासारखं केलं होतं. "आठवडा," तो म्हणायचा. "लय झालं तर दहा दिस." रूपालीचं लग्न त्याच आठवड्यात होतं.

हळदीच्या दिवशी दुपारी भिमाजीच्या दारात गोंधळ माजला. सांगून ठेवलेला जनरेटर ऐनवेळी दुसऱ्या लग्नात गेला. त्या उन्हाळ्यात असंच चाललं होतं, जो जास्त ओरडेल त्याच्याकडे जनरेटर. संध्याकाळी लाइट नसणार, मंडपात काळोख, बेंजो बंद, पाहुणे आलेले. रूपाली आत रडायला लागली. भिमाजी केरूकडे वळला. वायरमन संतोष म्हणजे केरूचा दोस्त. ड्युटीवर आला की चौकीत बसून चहा प्यायचा, केरूकडून दुर्बीण मागून घ्यायचा.

"केरू, तुझं आयकंल तो," भिमाजी म्हणाला. "आजच्या रातीपुरती लाइट ठिवाय सांग."

मी शेरवानीच्या बटणाला धागा घालत तिथेच बसलो होतो. केरू लगेच उठला. पुतणीवर त्याचा भारी जीव. आमच्याच समोर, रस्त्याच्या कडेला त्याने संतोषला गाठलं. संतोष आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, "आप्पा, तुमी आजवर काय मागितलं नाय. करतो कायतरी. पण सकाळपर्यंत ठिवीन, मधी बंद-चालू जमायचं नाय."

"सकाळपर्यंत तं सकाळपर्यंत," केरू म्हणाला. "पोरगी खूश झाली पायजे."

आणि लाइट राहिली. मंडप लखलखला. बेंजो वाजला, बायका नाचल्या, भावकीतली म्हातारी सुलाबाई कमरेवर हात ठेवून गोल फिरली. केरूला कुणीतरी ओढलं. फेटा बांधलेला केरू, गळ्यात दुर्बिणीऐवजी उपरणं, बेंजोसमोर नाचला. बेताल नाचला, पण नाचला. सगळी भावकी तिथे होती. मळ्यात एक माणूस नव्हता.

आमच्या गावात तेव्हा गावाची आणि मळ्यांची लाइन एकच होती. आणि मोटारींना ऑटो बसवलेले होते. लाइट नक्की किती वाजता येईल याचा नेम नसतो, पहाटे अंधारात मळ्यात जायला नको, म्हणून प्रत्येकजण ऑटो चालू ठेवून देतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते, गेली की बंद होते. हे गावातलं शेंबडं पोर जाणतं. केरू जाणत होता, भिमाजी जाणत होता, मीही जाणत होतो. त्या संध्याकाळी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. लाइट आली म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडतो तोच मैना आली. लग्नाची साडी नेसलेली, पायात काही नाही. "ह्ये पहाटं गेलेत, आजून नाय आले. नवरदेव वेशीवर यायची येळ झाली. टेलरभाऊ, जरा बघता का?"

मी सायकल काढली. काठावर पोचलो तर मोटारींचा आवाज बंद झाला होता. चराच्या तळाशी चिखल होता, त्यात कुठे कुठे वीतभर पाणी. मेख आख्खी उघडी पडली होती. मी चपला हातात घेऊन चालत बेटावर गेलो. पोटरीएवढासुद्धा चिखल लागला नाही.

कुत्री बेटाच्या कडेला बाभळीच्या सावलीत झोपली होती. पोटं फुगलेली. आमच्या गावचीच कुत्री, त्यांतलं एक माझ्या दुकानासमोर बसणारं. माझ्याकडे बघून त्याने शेपटी हलवली. जमिनीवर पिसं होती. पंखाची कोवळी पिसं, ज्यांची टोकं नुकती राखाडी व्हायला लागली होती.

केरू मध्ये उकिडवा बसला होता. वर सुरया किंचाळत फिरत होत्या. काही खाली यायच्या, चरातल्या त्या वीतभर पाण्यात पोट भिजवायच्या आणि परत येऊन रिकाम्या जागेवर बसायच्या. अंडी नाहीत, पिल्लं नाहीत, तरी बसायच्या. ते मला बघवेना. मी केरूच्या खांद्यावर हात ठेवला.

तो वर न बघता म्हणाला, "गुन्हा कोणावर लावू, टेलर?"

मी त्याच्या शेजारी उकिडवा बसलो.

"बेलभंडार कोणीच मोडला नाय," तो म्हणाला. "कोणी बटण दाबलंच नाय." मग त्याने एक पीस उचललं. "लाइट मी मागितली."

मी म्हणालो, चल, मुहूर्त गाठायचाय. यापेक्षा शहाणपणाचं काही मला सुचलं नाही. तो उठला. चराच्या चिखलात पाय धुण्याइतकं पाणी शोधलं, धुतले, आणि माझ्या सायकलच्या मागे बसून लग्नाला आला. अक्षता टाकल्या. पंगतीत बुंदी वाढली. रूपाली पाया पडली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला जवळ घेऊन इतका रडला की बायका म्हणाल्या, चुलत्याचा जीव बघा. मला तिथून उठून जावंसं वाटलं. उठलो नाही, जेवलो.

भिमाजीला दुपारनंतर कळलं. तो खरोखर हळहळला. "आरारा," म्हणाला, "आन् माझ्या बी ध्यानात नाय आलं." संध्याकाळी मळ्यात जाऊन आला तेव्हा मात्र चेहऱ्यावर दुसरंच होतं. रात्रभर सलग पाणी मिळाल्यामुळे बागांत हातभर खोल ओल गेली होती. छाटणीनंतर असं पोटभर पाणी त्या साली कुणालाच मिळालं नव्हतं. पुढे पाऊस लांबला, शेजारच्या गावांत बागा वाळल्या, उपटल्या. आमच्या काठावरची एकही बाग गेली नाही. त्या रात्रीच्या पाण्याने त्यांना पाऊस येईपर्यंत तगवलं. हे खोटं नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय.

जूनमध्ये केरू दुकानात आला नाही. मीच चौकीवर गेलो तर तो मनोऱ्याची शिडी दुरुस्त करत बसलेला. मी पाखरांचा विषय काढला नाही, त्यानेही नाही. दिवाळीनंतर बदकं आली, करकोचे हरभऱ्यात शिरले. लोक शिव्या घालायला आले नाहीत. "जाऊ द्या, केरूचीच पाखरं हायेत, खाऊ द्या चार दाणे," असं म्हणायला लागले. केरूला ते जास्त लागायचं, असं मैना म्हणायची. रविवारच्या पाहुण्यांना तो आता फक्त बोटाने दाखवायचा. फ्लेमिंगो विंचूरला गेले असं काही तो त्यांना सांगायचा नाही. भावकीने दरम्यान चर आणखी खोल केला आणि त्याला केरूचं नाव पडलं. केरूने त्यांना अडवलं नाही. कशाला अडवायचं, असं त्याला वाटलं असेल. एकदा मी रागाने म्हणालोसुद्धा, की लाव ना गुन्हा आता, आता तर सरळ हद्दीत खणलंय. तो म्हणाला, "पयला माझ्यावर लावावा लागंल."

सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानात झेंडावंदन झालं आणि मग ग्रामपंचायतीने केरूचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा. फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं, गावाच्या बागा वाचवणारे. सगळी भावकी पुढच्या रांगेत. भाषणं झाली. दूरदृष्टी, पाणी नियोजन, असले शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या गावात ऐकले. पाखरांचं नाव एकाच्याही तोंडून आलं नाही. चर कशासाठी खणला होता, हे सात-आठ महिन्यांत गाव विसरून गेलं होतं, आणि मुद्दाम विसरलं असंही म्हणता येत नाही. मला संताप येत होता आणि संतापायला माणूस सापडत नव्हता.

शेवटी केरूला म्हणाले, दोन शब्द बोला. तो नको म्हणत होता, भिमाजीने हाताला धरून माइकपर्यंत नेलं. मी शिवलेली खाकी, वर शाल. तो बराच वेळ माइककडे बघत उभा राहिला. पोरं खुसखुसायला लागली. मग त्याने मान वर केली आणि सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "त्या रातीची लाइट म्या मागितली व्हती."

त्याला पुढे बोलायचं होतं. तोंड उघडं होतं, ते मी पाहिलं. पण मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतली माणसं उभी राहिली, भिमाजी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. केरू थांबला. टाळ्या संपायची वाट बघत उभा राहिला. त्या संपल्या तेव्हा त्याने सगळ्यांना हात जोडले आणि खाली येऊन बसला.